वसंत गोवारीकर : अग्निबाणाला इंधन देणारा अभियंता

गोवारीकर हे नाव निघाले की महाराष्ट्रातल्या चाळिशी-पन्नाशी पार केलेल्या वाचकाला आधी पाऊस आठवतो. १९८८ पासून पुढे कितीतरी वर्षे उन्हाळा संपता संपता वर्तमानपत्रांत ‘गोवारीकर मॉडेल’ हे शब्द हमखास दिसत. हवामान हे मात्र त्यांचे मूळ क्षेत्र नव्हते. ते रसायन अभियंता होते, आणि त्यांच्या उमेदीची जवळपास १८ वर्षे अग्निबाणाचे इंधन आणि प्रक्षेपक घडवण्यात गेली. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात, वयाच्या ८१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पावसाच्या अंदाजामागे झाकल्या गेलेल्या या कामाची ही ओळख.

पुणे, बर्मिंगहॅम, थुंबा

वसंत रणछोड गोवारीकर यांचा जन्म २५ मार्च १९३३ चा, पुण्याचा. उच्च शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रा. एफ. एच. गार्नर यांच्या हाताखाली त्यांनी रसायन अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली. घन आणि प्रवाही पदार्थांमध्ये उष्णतेची व वस्तुमानाची देवाणघेवाण कशी होते, याविषयीचे त्यांचे काम गार्नर-गोवारीकर सिद्धांत म्हणून ओळखले जाते. त्यानंतर तिथेच हार्वेलच्या अणुऊर्जा संस्थेत आणि समरफील्ड येथील अग्निबाण-इंधनाच्या प्रयोगशाळेत त्यांनी नोकरी केली.

परदेशात असा जम बसलेला असताना डॉ. विक्रम साराभाईंचे बोलावणे आले, आणि १९६७ मध्ये गोवारीकर थुंब्याला दाखल झाले. तिरुवनंतपुरमजवळच्या या कोळीवाड्यातून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिला अग्निबाण उडाला होता, पण तो अमेरिकी बनावटीचा. चर्चमध्ये कचेरी आणि गोठ्यात प्रयोगशाळा, अशी त्या केंद्राची सुरुवात. भारतीय बनावटीचा पहिला ‘रोहिणी’ अग्निबाण गोवारीकर आले त्याच वर्षी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, उडाला. त्याचा व्यास होता ७५ मिलिमीटर, म्हणजे वाटीच्या तोंडाएवढा. उपग्रह वर न्यायचा तर इंधनापासून तयारी करायची होती.

घन इंधन म्हणजे काय?

संक्रांतीचा तिळाचा लाडू डोळ्यांसमोर आणावा. त्यात तीळ-दाणे असतात आणि त्यांना धरून ठेवणारा गुळाचा पाक असतो. अग्निबाणाच्या संमिश्र घन इंधनाची घडण साधारण अशीच. अमोनियम परक्लोरेट या क्षाराचे बारीक स्फटिक वजनाने सुमारे दोन तृतीयांश असतात. ज्वलनाला लागणारा ऑक्सिजन ते पुरवतात, म्हणून हवा नसलेल्या उंचीवरही अग्निबाण जळत राहतो. उष्णता वाढवण्यासाठी ॲल्युमिनियमची भुकटी घालतात. या सगळ्याला बांधून ठेवणारा रबरासारखा पदार्थ म्हणजे बंधक. लाडवातल्या पाकापेक्षा त्याचे काम जास्त, कारण तो स्वतःही इंधन म्हणून जळतो.

हे मिश्रण आधी घट्ट, करड्या रबडीसारखे असते. अग्निबाणाच्या नळकांड्यात मधोमध एक साचा उभा करून भोवती ते ओततात. हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून ओतण्याचे काम निर्वातात चालते. मग नळकांडे उबेत ठेवून मिश्रण घट्ट होऊ देतात आणि साचा काढून घेतात. मध्ये जी पोकळी उरते, तिचा आकार अनेकदा चांदणीसारखा असतो. ज्वलन या पोकळीच्या भिंतींवर सुरू होते आणि बाहेरच्या दिशेला सरकत जाते. चांदणीला किती टोके, ती किती खोल, यावर कोणत्या क्षणी किती जोर मिळणार हे ठरते.

खरी कसोटी बंधकाची असते. पाक कडक झाला की लाडू दाताने फुटत नाही, एवढेच. बंधक कडक झाला तर इंधनाला तडा जातो. तडा गेला की जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब चढतो आणि नळकांडे फुटू शकते. एकदा पेटलेले घन इंधन मध्येच विझवताही येत नाही. त्यामुळे बंधक मजबूत हवा, लवचिक हवा आणि नीट जळणाराही हवा.

विकत घ्यायचे की घडवायचे?

थुंब्याला दोन्ही वाटा एकाच वेळी चालू होत्या. ‘सेंतोर’ या फ्रेंच अग्निबाणाचा परवाना घेऊन त्याचे इंधन इथे तयार करण्याची सोय उभी राहत होती. आयते तंत्र शिकायला ही वाट उत्तम. पण परवान्यात एका अग्निबाणाची कृती मिळते, दुसरा अग्निबाण कसा घडवायचा हे त्यात लिहिलेले नसते. म्हणून गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंधकाचे रसायनशास्त्र मुळापासून हाती घेतले.

त्यांच्या सुरुवातीच्या इंधनांपैकी एकाचे नाव ‘मृणाल’. पुढे एरंडेलापासून मिळणाऱ्या आम्लाचा आधार घेऊन ‘इस्रो पॉलिओल’ हे बंधक तयार झाले. आजीच्या कपाटातले एरंडेल अग्निबाणाच्या पोटात गेले, ते हौसेखातर नव्हे. एरंडी आपल्याकडे मुबलक पिकते आणि त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही, हा त्यामागचा हिशेब होता. त्यानंतर एचटीपीबी हे अधिक सरस बंधक तिथल्याच प्रयोगशाळेत विकसित झाले आणि त्याचे उत्पादन मुंबईजवळच्या नोसिल कंपनीकडे सोपवण्यात आले.

एसएलव्ही-३ आणि संचालकपद

भारताचा पहिला उपग्रह प्रक्षेपक एसएलव्ही-३ चार टप्प्यांचा होता आणि चारही टप्पे घन इंधनाचे. साराभाईंनी चौथ्या टप्प्याची आखणी डॉ. अब्दुल कलाम यांच्याकडे दिली. उरलेल्या तीन टप्प्यांची जबाबदारी गोवारीकर, एम. आर. कुरूप आणि ए. ई. मुथुनायगम यांच्याकडे गेली.

१० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण फसले. त्याच वर्षी गोवारीकर विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. १८ जुलै १९८० रोजी २२ मीटर उंचीच्या, १७ टन वजनाच्या या प्रक्षेपकाने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत सोडला. १९८५ पर्यंत ते संचालक होते. पीएसएलव्ही प्रकल्पाला १९८२ मध्ये मंजुरी मिळाली, तीही याच काळात.

पावसाचे १६ घटक

१९८६ ते १९९१ ते केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. २८ फेब्रुवारीचा राष्ट्रीय विज्ञान दिन १९८७ पासून साजरा होऊ लागला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. हवामान खातेही तेव्हा या विभागाकडे होते. तिथल्या शास्त्रज्ञांसह त्यांनी मॉन्सूनवर परिणाम करणारे जगभरातले १६ घटक निवडले. त्यांत तापमान, हवेचा दाब, बर्फाचे आच्छादन आणि एल निनो यांसारख्या गोष्टी होत्या. त्यांपैकी किती अनुकूल आहेत हे पाहून देशभरच्या पावसाचा अंदाज बांधला जाई.

हे मॉडेल अनेक वर्षे चालले आणि २००२ मध्ये सपशेल चुकले. सरासरीच्या १०१ टक्के पाऊस सांगितला होता, पडला सुमारे ८१ टक्के. पुढच्याच वर्षी खात्याने पद्धत बदलली. मॉडेलची ही मर्यादा नोंदवायलाच हवी. पण मोघम अंदाजाऐवजी आकड्यात सांगायचे आणि चुकल्यास त्याच आकड्यावर पकडले जायचे, ही शिस्त त्या मॉडेलने रुजवली.

पुस्तके आणि पुणे

१९९१ ते १९९३ ते पंतप्रधानांचे वैज्ञानिक सल्लागार होते आणि १९९५ ते १९९८ पुणे विद्यापीठाचे कुलगुरू. मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले. १९८४ मध्ये पद्मश्री आणि २००८ मध्ये पद्मभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला.

रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मात्र ते वेगळ्याच कारणाने माहीत आहेत. विश्वनाथन आणि श्रीधर यांच्यासह लिहिलेले ‘पॉलिमर सायन्स’ हे १९८६ चे पाठ्यपुस्तक आजही महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत हाताळून मऊ झालेले सापडते. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर खतांचा इंग्रजी ज्ञानकोश पुरा केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

मागे काय राहिले?

पावसाचे मॉडेल निवृत्त झाले आणि पदे तर येतात-जातात. इंधनाचे काम मात्र चालूच आहे, फक्त ते दिसत नाही. पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यात एचटीपीबीने बांधलेले सुमारे १३८ टन घन इंधन असते आणि पावणेदोन मिनिटांत ते जळून संपते. २००८ चे चांद्रयान-१ आणि २०१३ चे मंगळयान, दोन्ही याच इंधनाच्या जोरावर श्रीहरिकोट्याच्या जमिनीवरून वर उचलली गेली.