पेढीवरील इंग्रजी

दिवाळीच्या वहीपूजनाला जिच्यावर स्वस्तिक काढून ‘श्री’ लिहिले जाते, त्या वहीचे कापड लाल असते. व्यापारी घराला लाल रंग लाभाचा. इंग्रजीत मात्र एखादी कंपनी ‘इन द रेड’ आहे असे म्हटले, की ती तोट्यात आहे असे समजावे. तोट्याचे आकडे लाल शाईने लिहिण्याच्या प्रथेवरून हा वाक्प्रचार रूढ झाला. ‘कुकिंग द बुक्स’ याचाही स्वयंपाकाशी संबंध नाही; खोटे हिशेब लिहिण्याला ते नाव आहे. अशा शब्दांचा अर्थ चुकला, तर फार तर घरात हशा पिकतो. पेढीवर येणाऱ्या कागदांची गोष्ट वेगळी.

बिलाच्या तळाशी ‘ई. अँड ओ. ई.’ ही अक्षरे असतात. ‘एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड’, म्हणजे नजरचुकीने काही चुकले वा राहिले असल्यास दुरुस्तीची मुभा राखून ठेवली आहे. मराठीत यासाठी ‘चू. भू. द्या. घ्या.’ लिहिले जाई, गुजराती पेढ्यांवर ‘भूलचूक लेवी देवी’. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणणाऱ्या घराला हा भाव समजावून सांगावा लागत नाही. मात्र ठरलेला दर मागाहून वाढविण्याचा परवाना या अक्षरांनी मिळत नाही.

‘विदाउट प्रेज्युडिस’ हे शब्द अधिक फसवे. शब्दकोशात ‘प्रेज्युडिस’ म्हणजे पूर्वग्रह; तेव्हा पत्र निर्मळ मनाने लिहिले आहे, असा वाचणाऱ्याचा समज होतो. येथे त्याचा अर्थ हक्काला येणारी बाधा असा आहे. थकबाकीदार या शीर्षकाखाली निम्मी रक्कम देऊ करतो, तेव्हा त्याने कर्ज कबूल केले असे मानून ते पत्र पुरावा म्हणून जपण्यात फारसा अर्थ नसतो. पुरावा म्हणून वापर होणार नाही या अटीवर दिलेली कबुली दिवाणी दाव्यात ग्राह्य नसते, हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २३ मध्येच होते.

सर्वांत महाग पडणारे शब्द बँकेच्या लिलावाच्या जाहिरातीत असतात: ‘ॲज इज व्हेअर इज’. मराठी जाहिरातीत ‘जे आहे जेथे आहे’ असे छापतात, आणि वाचणारा पुढच्या ओळीतील राखीव किमतीकडे वळतो. गाळा स्वस्त दिसतो. पण या चार शब्दांनी मालमत्तेतील उणिवांची जोखीम खरेदीदाराकडे जाते. आधीच्या मालकाची थकलेली घरपट्टी, संस्थेची देणी, आत बसलेला भाडेकरू, विजेचे बिल यांची चौकशी खरेदीदारानेच करावयाची. अशा अटीवर घेणाऱ्याने मालमत्ता पाहून जोखीम ओळखली आहे असे मानले जाईल, आणि नियमांत तशी तरतूद असल्यास नवी जोडणी देताना वीज कंपनी जुनी थकबाकी मागू शकेल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

सरफेसी कायद्याखालील लिलावात बोली मंजूर झाली, की अनामत धरून २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. उरलेली विक्री कायम झाल्यापासून सामान्यतः पंधरा दिवसांत. नंतर डोळे उघडून माघार घेतल्यास भरलेली रक्कम जप्त होते. म्हणून महापालिका, वीज कार्यालय आणि संस्थेचे चिटणीस यांच्याकडील फेऱ्या अनामत भरण्याआधीच व्हाव्यात, आणि ताबा प्रत्यक्ष आहे की केवळ कागदोपत्री, हे बँकेच्या अधिकाऱ्याला लेखी विचारावे.