बाबांनी पाठवलेली बाग

मुलांनो, तुमचे बाबा परगावी गेले तर येताना काय आणतात? खाऊ? खेळणं? आज तुम्हाला अशा एका बाबांची गोष्ट सांगते, ज्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला चक्क एक बाग पाठवली. तीही पत्रातून, बरं का!

हे बाबा म्हणजे जर्मनीतले ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर. त्यांचा जन्म १४८३ सालचा. वडील तांबं गाळण्याच्या धंद्यात होते, फार कडक. एकदा त्यांनी छोट्या मार्टिनला इतकं मारलं, की तो त्यांच्यापासून लांबच राहू लागला. त्याला पुन्हा जवळ आणायला वडिलांना खूप प्रयत्न करावे लागले.

मोठेपणी मार्टिन मठात गेले. तिथेही देव म्हणजे शिक्षा देणारा न्यायाधीश, असंच त्यांना वाटे. पण बायबलचा अभ्यास करता करता त्यांची भीती गेली. येशूने तर देवाला 'पिता' म्हणायला शिकवलं होतं!

मग पिता कसा असावा? १५२२ साली ल्यूथरनी लिहिलं, की बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाला लोक खुशाल हसोत. देव आणि देवदूत मात्र त्याच्याकडे पाहून आनंदाने हसतात. (बाबा, वाचताय ना?)

१५२५ मध्ये त्यांचं लग्न झालं, पुढच्या वर्षी हान्स जन्मला. १५३० साली कामासाठी ल्यूथरना घरापासून दूर, कोबुर्गच्या किल्ल्यात काही महिने राहावं लागलं. पत्नीने वर्षाच्या मुलीचं, माग्दालेनाचं चित्र पाठवलं, ते त्यांनी भिंतीवर लावलं. जूनमध्ये वडील वारल्याची बातमी आली. ल्यूथर खोलीत जाऊन खूप रडले. लहानपणी मारणारे तेच वडील! पण त्यांच्याच घामातून दयाळू देवाने आपल्याला वाढवलं, असं त्यांनी मित्राला लिहिलं.

आणि दोनच आठवड्यांनी, १९ जूनला, त्यांनी हान्सला पत्र लिहिलं. त्यात होती एक सुंदर बाग. सोनेरी डगले घातलेली मुलं तिथे सफरचंदं, चेरी वेचताहेत. सोन्याचे लगाम नि चांदीचं खोगीर असलेली छोटी घोडी आहेत. प्रार्थना आणि अभ्यास करणाऱ्या मुलांची ती बाग. हान्सला तिथे मित्रांनाही नेता येणार होतं, आणि घरातल्या लेनाआजीलासुद्धा!

पाहिलंत? स्वतः दुःखात असूनही त्यांनी मुलाला धाक घातला नाही, स्वर्ग दाखवला तो बागेसारखा. ल्यूथर शिस्त सोडा म्हणत नव्हते. छडीशेजारी सफरचंदही हवं, असं ते म्हणत. आपण आज छडी बाजूला ठेवू, सफरचंद तेवढं घेऊ!

आई-बाबांनो, देव प्रेमळ आहे हे आपण मुलांना सांगतो. पण मुलं ते शिकतात आपल्या हातांवरून, आवाजावरून. आणि मुलांनो, कधी बाबा रागावले, तर त्यांचा घामही आठवा. या रविवारी त्यांना एक छोटंसं पत्र लिहाल ना?