गाळणीपाशी

लेप्टोवर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसवर, लिहायला संपादकांनी धाडलं होतं. मी खिळून राहिले ती एका गाळणीपाशी.

अतिदक्षता विभागात कोकणातला एक शेतमजूर होता. भातलावणीचा चिखल, पायाला चीर, काही दिवसांनी ताप. मग डोळे पिवळे आणि लघवी बंद. रक्तदाब औषधांच्या टेकूवर. नेहमीचं चार तासांचं डायलिसिस त्याला झेपलं नसतं. म्हणून सीआरआरटी: तेच काम, पण संथ, अहोरात्र.

अशा यंत्रांची गोष्ट जुनी. नाझींच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये विलेम कॉल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन नळीतून कृत्रिम मूत्रपिंड बांधलं. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई त्यावर वाचली. १९७७ मध्ये जर्मनीत गटिंगेनच्या पीटर क्रामर यांनी पंपाशिवाय, रुग्णाच्या हृदयाच्याच जोरावर रक्त संथपणे गाळून दाखवलं. पुढे पंप परत आला, संथपणा टिकला.

यंत्रातली गाळणी म्हणजे एका नळकांड्यात बसवलेली केसासारख्या हजारो पोकळ तंतूंची जुडी. रक्त तंतूंमधून वाहतं. पाणी, युरिया, पोटॅशियम भिंतीतून झिरपतात, पेशी आतच राहतात. साठ किलोच्या माणसामागे तासाला सुमारे दीड लिटर निचरा, म्हणजे दिवसाला छत्तीस. त्या हिशेबानं ताजा द्रव आत सोडायचा. हा जमाखर्च सिस्टर दर तासाला लिहीत होत्या. रुग्णाने झोपेत पाय दुमडला की जांघेतली नळी दबायची आणि यंत्र ओरडायचं. त्या पाय हळूच सरळ करायच्या, "दादा, असाच ठेवा हं" म्हणायच्या आणि बॅटरीच्या उजेडात तंतू न्याहाळायच्या. काळपट रेघा दिसल्या की समजायचं, रक्त गोठू लागलं.

रक्ताचा स्वभावच गाळणीच्या मुळावर येतो. परकं प्लास्टिक लागलं की ते गोठू पाहतं. गोठणं रोखणारं हेपरिन द्यावं, तर लेप्टोत फुफ्फुसात रक्तस्रावाची भीती. सायट्रेट नळ्यांतलं कॅल्शियम बांधून गोठणं रोखतं, पण ते पचवायचं यकृतानं, आणि याचं यकृतच पिवळं पडलेलं. म्हणून काहीच न देता यंत्र चालू होतं. एरवी बहात्तर तासांपर्यंत चालू शकणारी गाळणी इथे एका रात्रीत बंद पडते. आतलं रक्त परत देता आलं नाही, तर तेही वाया. नव्या संचाचे हजारो रुपये वेगळे.

घाई करूनही सुटका नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, तीन हजारांवर रुग्णांच्या चाचणीत डायलिसिससारखे उपचार लवकर सुरू केलेल्या आणि थांबून सुरू केलेल्या, दोन्ही गटांत नव्वद दिवसांत सुमारे ४४ टक्के दगावले. यंत्र मूत्रपिंड बरं करत नाही; ते सावरेपर्यंतचा वेळ देतं. तो वेळ किती लागेल, हे दाराबाहेर बसलेल्या भावाला कुणी सांगू शकत नव्हतं. सीआरआरटी नसेल, तर तालुक्याच्या गावी साध्या डायलिसिस यंत्रावर आठ-दहा तास संथ डायलिसिस करतात. तेही सगळीकडे असेलच असं नाही.

पहाटे तीनला गाळणीतला दाब चढला आणि पंप थांबला. सिस्टरनी नळ्या चिमटल्या, भावाला बोलावलं. "दुसरी लागेल, दादा." त्याने खिशातल्या नोटा न मोजताच मान डोलावली. नव्या गाळणीतून सलाइन फिरवून हवेचे बुडबुडे काढेपर्यंत सिस्टर तिला हलक्या हातानं टिचक्या मारत राहिल्या.