रेनकोटची परीक्षा

मृग नक्षत्र लागले म्हणजे मुंबईकर माळ्यावरून छत्र्या आणि रेनकोट खाली काढू लागतात. कोणाच्या छत्रीची काडी मोडलेली असते, तर कोणाच्या रेनकोटला बुरशी आलेली असते. मग 'हे टाकून द्यावे की दुरुस्त करावे?' हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. वरवर पाहता हा प्रश्न लहान आहे. परंतु ज्याला रोज भर पावसात सायकलवरून जावे लागते, त्याच्या दृष्टीने तो मुळीच लहान नाही.

साकीनाक्याच्या चौकात पहाटे उभे राहिले, की याची प्रचीती येते. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी-विहार रस्ता येथे एकमेकांस मिळतात. २०१४ सालापासून येथे डोक्यावरून मेट्रो धावते. खाली बसगाड्या, रिक्षा आणि मालाने भरलेले टेम्पो यांची दाटी असते. आणि या साऱ्यांमधून वाट काढत पाववाले, दूधवाले आणि वृत्तपत्रे टाकणारी मुले सायकलवरून जात असतात. त्यांना छत्रीचा उपयोग नाही. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात सायकल, हे म्हणजे अपघाताला आमंत्रणच! त्यांचे दोन्ही हात मोकळे हवेत. म्हणून त्यांना रेनकोट लागतो. आता तर असे हलके रेनकोट निघाले आहेत, की त्यांची घडी त्यांच्याच खिशात मावते आणि सारा कोट जेवणाच्या डब्याएवढा होऊन पिशवीत बसतो.

आमच्या इमारतीत वृत्तपत्रे टाकणारा मुलगा असाच कोट वापरतो. सकाळी हे काम करून तो महाविद्यालयात शिकतो. गेल्या आषाढात एके दिवशी तो निथळत दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, कोट गळू लागला. नवा घ्यावा म्हणतो. पण या महिन्यात परीक्षेचे शुल्क भरायचे आहे. दोन्हींना पैसे पुरायचे नाहीत."

मी म्हणालो, "आत ये. आधी या कोटाचीच परीक्षा घेऊ. तो नापास झाला, तर मग नव्याचा विचार कर."

परीक्षा घ्यायची, तर ज्याची घ्यायची त्याची ओळख हवी. पावसापासून अंग झाकण्याची विद्या आपल्याकडे जुनीच आहे. देशावरचा धनगर घोंगडीची खोळ डोक्यावरून घेतो. लोकरीत नैसर्गिक स्निग्धपणा असतो, त्यामुळे बेताचा पाऊस तिच्यावरून ओघळून जातो. कोकणातला शेतकरी बांबूच्या कामट्या आणि झाडांची पाने यांचे इरले डोक्यापाठीवर घेतो आणि वाकून दोन्ही हातांनी भाताची लावणी करतो. हात मोकळे ठेवायचे आणि पाठ कोरडी ठेवायची, हीच शेतकऱ्याची गरज आणि हीच सायकलस्वाराची!

रबराचा रेनकोट निघाला तो मात्र परदेशात. चार्ल्स मॅकिन्टॉश या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने नाफ्था नावाच्या द्रवात रबर विरघळवले, दोन कापडांच्या मध्ये त्याचा थर दिला आणि १८२३ साली त्याचे पेटंट घेतले. कापड जलाभेद्य झाले खरे. परंतु शिंप्याने ते शिवले, की सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येई. शिवाय ते उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठर होई. पुढे १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यास असे आढळले, की रबर गंधकाबरोबर तापवले असता हा दोष जातो. आपल्या देशात १९२० साली कोलकात्याला सुरेंद्र मोहन बोस यांनी जलाभेद्य वस्त्रांचा उद्योग उभारला. त्यांच्या रबरी रेनकोटांनी अनेक पिढ्यांना कोरडे ठेवले.

आजचे हलके कोट बहुधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर यांच्या पातळ कापडाचे असतात. त्यांच्या रचनेत तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. कापडाच्या बाहेरच्या बाजूवर एक अदृश्य संस्कार केलेला असतो. त्यामुळे अळवाच्या पानावर थेंब घरंगळावा, तसा पावसाचा थेंब कापडावरून घरंगळतो. आतल्या बाजूस पॉलियुरेथेन या पदार्थाचा पातळ लेप असतो. पाणी अडवण्याचे मुख्य काम तोच करतो. तिसरी गोष्ट म्हणजे शिवणी. मॅकिन्टॉशच्या कोटाला जी सुईची छिद्रे नडली, ती झाकण्यासाठी आता शिवणींवर आतून पट्टी चिकटवतात. काही महाग कोटांत लेपाऐवजी सूक्ष्म छिद्रांचा पडदा असतो. १९६९ साली अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉन ताणून असा पडदा तयार केला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबाहून हजारो पटींनी लहान, परंतु वाफेच्या कणाहून मोठी असतात. त्यामुळे पाणी बाहेर राहते आणि घामाची वाफ मात्र निघून जाते.

एवढी ओळख झाल्यावर आम्ही परीक्षेला बसलो. कोट उलटसुलट करून पुसून कोरडा केला. मग ज्या ज्या जागी तो गळतो असे वाटत होते, त्या त्या जागेची बाहेरची बाजू वर ठेवून कापडाची लहानशी झोळी केली. झोळीखाली कोरडे ताट ठेवले, तिच्यात वाटीभर पाणी ओतले आणि दहा मिनिटे वाट पाहिली.

काखेजवळच्या कापडाखाली ताट कोरडेच राहिले. मुलगा चकित झाला. "पण सर, रोज येथेच मी सर्वांत अधिक भिजतो!"

"ते पाणी पावसाचे नव्हे, घामाचे आहे," मी म्हणालो. पावसाळ्यात मुंबईची हवा बाष्पाने भरलेली असते. सायकल चालवताना घाम येतो. तो बाहेरही पडत नाही आणि वाळतही नाही. कोट गळतो असे समजून लोक तो टाकतात आणि नव्या कोटातही तितकेच भिजतात! यावर उपाय म्हणजे गळ्याशी चेन थोडी उघडी ठेवणे, काखेत वारा जाण्यास झडपा असल्यास त्या मोकळ्या करणे आणि आत जाड कपडे न घालणे.

पाठीवर पाणी शिंपडले, तेव्हा थेंब घरंगळले नाहीत. कापडाने ते शोषून घेतले. आतून मात्र ते ओले झाले नाही. म्हणजे लेप शाबूत होता, परंतु बाहेरचा संस्कार धूळ आणि तेलकटपणा यांमुळे मंदावला होता. अशा वेळी कोट सौम्य साबणाने हाताने धुवावा आणि भरपूर पाण्यात खळबळून साबणाचा अंशही राहू देऊ नये. मग सावलीत वाळवावा. आतल्या चिठ्ठीवर इस्त्रीस परवानगी असल्यास सुती कापड मध्ये ठेवून अगदी कोमट इस्त्री फिरवावी; उष्णतेने तो संस्कार पुष्कळदा पुन्हा जागा होतो. तरीही थेंब घरंगळले नाहीत, तर त्यासाठी मिळणारा फवारा मारावा.

शेवटी उजवा खांदा तपासला. तेथे झोळी भरताच ताटात टपटप थेंब पडू लागले. आत पाहिले, तो शिवणीवरची पट्टी दोन बोटे सुटलेली! वृत्तपत्रांच्या पिशवीचा पट्टा रोज याच खांद्यावर घासत असे. रोग सापडला, आणि रोग सापडला म्हणजे निम्मे औषध झाले.

आम्ही सुटलेली जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. (स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून ते विस्तवापासून दूर ठेवावे आणि हे काम मोठ्या माणसांसमक्ष करावे.) ती वाळल्यावर नायलॉनसाठी मिळणारा लवचिक डिंक शिवणीवर पातळ लावला, पट्टी बसवली आणि वर जड पुस्तके ठेवून कोट चोवीस तास तसाच राहू दिला. त्या दिवशी मुलाने माझा जुना कोट नेला.

कापडाला भोक पडले किंवा ते फाटले असते, तर ठिगळ लावावे लागले असते. ठिगळाविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ते फाटलेल्या जागेच्या चारी बाजूंनी निदान दोन सेंटिमीटर मोठे असावे. त्याचे कोपरे गोल कापावेत. टोकदार कोपरा आधी उचलला जातो. आणि नुसत्या सुईदोऱ्याने फाटलेले शिवू नये. एक भोक बुजवताना आपण शंभर नवी पाडू! शिवणे भागच पडले, तर त्या टाक्यांवरही डिंक लावावा. पंक्चरचे सोल्युशन मात्र येथे वापरू नये. ते सायकलच्या रबरी ट्यूबसाठी असते. नायलॉनवर ते नीट धरत नाही आणि आतला लेप बिघडण्याचे भय असते. चेन अडकत असेल, तर तिच्या दातांवर मेणबत्ती घासावी. ती मागून उघडत असेल, तर बहुधा तिचा सरकणारा तुकडाच झिजलेला असतो; पिशव्यांच्या चेन दुरुस्त करणारा कारागीर तेवढा बदलून देतो.

दुसऱ्या दिवशी कोट पुन्हा झोळी करून तपासला. ताट कोरडे राहिले. कोट उत्तीर्ण झाला आणि परीक्षेचे शुल्क वाचले!

तेव्हा तो मुलगा आपल्या थोरल्या भावाचाही कोट घेऊन आला. तो उघडताच कुबट वास आला. आतला लेप हाताला चिकट लागत होता आणि त्याचे पांढरे पापुद्रे गळून पडत होते. हा कोट दोन वर्षे ओलाच घडी करून खिशात कोंबून ठेवला जात असे. ओल आणि उष्णता एकत्र राहिल्या, की पॉलियुरेथेनचा लेप हळूहळू विघटित होतो. खांद्यावर ठिगळ लावता येते; पण जेथे लेपच सर्वत्र उडाला, तेथे ठिगळ लावायचे कोठे? मी स्पष्ट सांगितले, "हा मात्र नापास. याच्यावर पैसे घालवू नका."

नवा कोट घेताना तो दुकानातच उलटा करून सर्व शिवणींवर पट्टी आहे का ते पाहावे. सायकलवर बसल्याप्रमाणे हात पुढे करून पाहावेत. मनगटे उघडी पडता कामा नयेत आणि पाठीचा भाग खाली लांब असावा, म्हणजे मागच्या चाकाचे पाणी अंगावर उडत नाही. टोपी अशी असावी, की मान वळवली असता बाजूचे वाहन दिसावे. रंग भडक असावा आणि त्यावर प्रकाश परावर्तित करणाऱ्या पट्ट्या असाव्यात. मुसळधार पावसात टेम्पोच्या चालकाला करडा किंवा काळा कोट दिसत नाही. कोट अंग कोरडे ठेवतो हे खरे. परंतु प्राण वाचवणे हे त्याचे अधिक मोठे काम आहे.

थोरल्या भावाचा कोट तरी आम्ही कचऱ्यात फेकला नाही. त्याचे चांगले उरलेले कापड कापून सायकलच्या बैठकीला आच्छादन केले आणि काही तुकडे ठिगळांसाठी ठेवले. विहार आणि पवई या तलावांचे पाणी घेऊन मिठी नदी साकीनाक्याजवळूनच माहीमच्या खाडीकडे जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मिठी फुगली आणि तिच्या काठच्या वस्त्या बुडाल्या. गटारांत आणि नाल्यांत तुंबलेल्या प्लॅस्टिकने त्या संकटात भरच घातली. नायलॉन किंवा प्लॅस्टिक मातीत कुजून जात नाही. आपण 'टाकले' असे म्हणतो, तेव्हा ती वस्तू नाहीशी होत नाही; ती केवळ आपल्या नजरेआड होते.

मुलांनो, रेनकोट जपणे काही कठीण नाही. पावसातून आल्यावर तो झटकून दोरीवर वाळत घालावा. घडी करून खिशात ठेवण्याची सोय प्रवासापुरती आहे. घरी तो खुंटीवर सैल टांगावा. पावसाळा संपला, की धुऊन, पूर्ण वाळवून मगच माळ्यावर ठेवावा.

तो मुलगा दुरुस्त केलेल्या कोटातच अनंत चतुर्दशीपर्यंत वृत्तपत्रे टाकत होता. खांद्याला पुन्हा घासू नये म्हणून त्याने पिशवीच्या पट्ट्याखाली जुन्या कोटाचा एक तुकडा शिवून घेतला होता. ही युक्ती मात्र मी सांगितलेली नव्हती. ती त्याला स्वतःलाच सुचली. वस्तू बिघडली म्हणजे ती टाकण्यापूर्वी कोठे बिघडली आणि का बिघडली, हे दोन प्रश्न विचारावेत. त्यांची उत्तरे मिळाली, की काय दुरुस्त करावे आणि कशाला निरोप द्यावा, हे आपोआप कळू लागते.