व्यासपीठाखालचा कवी

सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर तालुक्यात चिंचपाडा हे छोटे स्थानक आहे. घरात मावची वा भिलोरी आणि शाळेत प्रमाण मराठी, हा अनुभव या परिसरातील आदिवासी मुलांच्या कित्येक पिढ्यांनी घेतला आहे. घरच्या बोलीत सांगितलेले सुखदुःख ‘साहित्य’ या संज्ञेस पात्र नाही काय, हा प्रश्न याच नंदुरबार जिल्ह्यातील एका भिल्ल कवीने विचारला. शहादा तालुक्यातील वाहरू सोनवणे हे ते कवी होत.

सोनवणे यांचा पिंड चळवळीत घडला. सालदारकीत पिचलेले मजूर, हातातून गेलेल्या जमिनी आणि १९७२चा दुष्काळ अशा पार्श्वभूमीवर शहाद्यात त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. तिचे कार्यकर्ते म्हणून ते पुढे आले. १९८७ साली ‘गोधड’ हा त्यांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला.

असंतुष्ट कवी म्हटला की पूर्व युरोपातील राजसत्तेशी झुंजणारे लेखक आठवतात. सोनवणे यांचे बंड त्याहून नाजूक जागी होते. ‘स्टेज’ या त्यांच्या गाजलेल्या कवितेचा रोख शत्रूकडे नसून हितचिंतकांकडे आहे. आदिवासींचे दुःख व्यासपीठावरून इतरांनी सांगावे आणि ज्यांचे ते दुःख, त्यांनी खाली बसून ऐकावे, ही विसंगती त्यांनी नेमकी हेरली. शहरातील सुखासीन आयुष्य सोडून आलेल्या कार्यकर्त्यांचा त्याग खोटा नव्हता. परंतु त्यागामुळे दुसऱ्याच्या वतीने कायम बोलण्याचा अधिकार प्राप्त होत नाही. जमीनदाराला विरोध करताना सोबती पाठीशी असतात. सोबत्यांचीच चूक दाखविणारा मात्र एकटा पडतो.

१९९० साली पालघर येथील आदिवासी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून त्यांनी हाच विचार समाजशास्त्रीय पातळीवर नेला. लिहिलेले तेवढेच साहित्य, ही व्याख्या लिपी हाती असलेल्यांनी केलेली आहे. गाणी आणि कथा लिपीच्या आधीपासून नांदत आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा प्रश्न केवळ साहित्याचा नाही. वर्गात अबोल राहणारे मूल मंद ठरते, कचेरीत अडखळणारा अर्जदार अडाणी ठरतो. त्यांच्यापाशी शब्द नसतात असे नाही. ते समजून घेण्याची तसदी समोरचा घेत नाही. व्यासपीठावरून चार पायऱ्या उतरून ऐकावयास बसणे, एवढीच या कवीची मागणी आहे. ती अद्याप पुरती मान्य झालेली नाही.