चित्रांच्या जत्रेत आपले चित्र

खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैल घ्यायला गेलेला शेतकरी आल्याआल्या किंमत विचारत नाही. आधी सगळ्या दावणीवरून एक फेरा मारतो. एखाद्या जनावरापाशी त्याचा पाय आपोआप थांबतो. मग चाल, खूर, दात. भावाची गोष्ट शेवटी.

अशीच जत्रा चित्रांचीही भरते. दिल्लीची २००८ साली सुरू झाली. आज तिला 'इंडिया आर्ट फेअर' म्हणतात. मुंबईत २०२३ पासून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' भरते. गॅलऱ्या आपापली दालने थाटतात आणि शेकडो चित्रे एका वेळी समोर येतात. तुम्ही म्हणाल, आम्हाला यातले काय कळणार? अहो, बैल पारखणारी नजर तुमच्यापाशी आहेच की!

पहिल्या फेऱ्यात चित्राशेजारची चिठ्ठी वाचू नका. वाचली की डोळे नाव पाहतात, चित्र राहून जाते. पाय कुठे अडतो एवढेच ध्यानात ठेवा. दुसऱ्या फेऱ्यात फक्त तिथेच जा आणि चांगली पाच मिनिटे उभे राहा. लांबून पाहा, जवळून पाहा. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी मासे धरायचे जाळे रंगवले आहे. लांबून ते धुक्यासारखे भासते. जवळ जावे तर शेणाने सारवलेल्या कापडावर पांढरी, केसासारखी बारीक रेघ, आणि तिला अंत नाही! वारल्यांत लग्नाचा चौक सुवासिनींनी लिहायचा, अशी रीत. या पुरुषाने चित्र काढणे हा रोजचा उद्योग केला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले.

एवढे पाहून झाले की मग चिठ्ठी वाचा. चित्रकाराचे नाव, साल, रंग कोणते, लांबी-रुंदी किती. शेजारी लाल टिकली असेल तर चित्र विकले गेले, एवढाच तिचा अर्थ. ते तुम्हाला आवडायलाच हवे असे काही ती सांगत नाही.

गुरुजन हो, मुलांना नेलेत तर 'हे कोणी काढले?' असे विचारू नका. 'परत एकदा कोणत्या चित्राकडे जाशील?' असे विचारा, आणि जाऊ द्या. मध्य प्रदेशातल्या एका खेड्यातल्या शाळेत सय्यद हैदर रझा नावाच्या पोराचे अभ्यासात लक्ष लागेना. मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. पुढे उतारवयात रझांच्या चित्रांत तोच काळाभोर बिंदू मधोमध येऊन बसला.

जत्रेला तिकीट पडते. ते जड वाटले तर मुंबईत काळा घोड्याजवळ १९५२ साली उघडलेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे, तिथे पैसे लागत नाहीत. प्रदर्शने बहुधा आठवड्याने बदलतात. मंगळवारी नवी लागतात. सोमवारी संध्याकाळी गेलात तर चित्रे उतरवताना दिसतील, म्हणून बुधवार-गुरुवार गाठावा.