मागील ब्रेक : ‘लागत नाही’ आणि ‘सुटत नाही’

स्वतःच्या हाताने मोटार घडविण्याची हौस महाराष्ट्रास नवी नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी ‘मीरा’ ही छोटी मोटार घडविली होती. श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावी आज कोणी अशी गाडी जुळवू लागला, तर मागचा अ‍ॅक्सल एका जुन्या गाडीचा, मास्टर सिलिंडर दुसरीचा आणि सांगाडा घरी सांधलेला, असा प्रकार होतो. या मिश्र गाडीचे माहितीपुस्तक कोठेच नसते. दोष शोधू पाहणाऱ्याच्या हाती राहते ते चालकाचे तक्रारीचे वाक्य. म्हणून त्यातील क्रियापद काळजीपूर्वक ऐकावे लागते.

‘ब्रेक लागत नाही’ या एका वाक्यात तीन भिन्न दोष सामावतात. पॅडल खोल जाते, पण दोनतीनदा दाबल्यावर वर येते, तर ब्रेक-शू ड्रमपासून दूर राहिले आहेत. पॅडल स्पंजासारखे दबते, तर नळीत हवा आहे. मिश्र गाडीत डावा सिलिंडर उजवीकडे बसविला गेल्यास हवा काढण्याचे निपल खाली येते. हवा मात्र वरच राहते, आणि कितीही वेळा ‘एअर काढली’ तरी दोष जात नाही. पॅडल टणक असूनही गाडी थांबत नसेल, तर लायनर तेलकट झाल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी गळके ऑइल सील न बदलता केवळ लायनर बदलणे व्यर्थ होय.

‘ब्रेक सुटत नाही’ ही याच्या उलट तक्रार. पुढील चाकांना दगड लावावेत, मागील चाके उचलून स्टँडवर घ्यावीत, आणि पॅडल दाबून सोडावे. चाक अडकून राहिल्यास त्याचे निपल किंचित सैल करावे. चाक मोकळे झाले, तर दाब आत कोंडला होता : मास्टर सिलिंडरच्या दांड्याला ढिलाई नसेल, किंवा रबरी नळी आतून फुगली असेल. चाक तसेच अडकून राहिले, तर हँडब्रेकची केबल, शूची स्प्रिंग वा गंजलेला पिस्टन तपासावा. केबल सैल करून प्रथम शू जुळवावेत व मगच केबल ताणावी. हा क्रम उलटल्यास दोष पुन्हा उद्‌भवतो.

तिसऱ्या दोषाची मात्र तक्रारच होत नाही, उलट ‘ब्रेक कडक आहे’ अशी स्तुती होते. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे सरकतो व मागील चाके हलकी होतात. जड गाडीचे ब्रेक हलक्या गाडीस लावले असता मागील चाके पुढच्यांआधी जखडतात आणि गाडीचा मागचा भाग फिरतो. उसाच्या हंगामात समोरून भरलेल्या ट्रॉल्या येत असताना ही स्थिती प्राणघातक ठरते. यावर उपाय म्हणजे लहान व्यासाचा व्हील सिलिंडर किंवा मागील दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह.

दुरुस्तीनंतरची चाचणी मोकळ्या मैदानात, कमी वेगाने घ्यावी. सार्वजनिक रस्त्याचा प्रश्न निराळा. नमुना-वाहनांच्या चाचणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२६ व्या नियमात ज्या संस्था नमूद आहेत, त्यांपैकी वाहन संशोधन व विकास संस्था श्रीगोंद्याच्याच जिल्ह्यात आहे.

तात्पर्य, ‘ब्रेक खराब आहे’ हे वाक्य कारागिराला काहीच सांगत नाही. तो लागत नाही, सुटत नाही, की आधीच लागतो, एवढे चालकाने नेमके सांगितले, तर निम्मी दुरुस्ती तेथेच होते.